मनगटावरची सुरगाठ

वाण्याच्या दुकानात तांदळाचं पोतं उघडताना तुम्ही पाहिलं असेल. दुकानदार शिवणीच्या एका टोकाशी दोरा तोडतो, चिमटीत धरून ओढतो आणि सर्रकन सगळी शिवण निघून त्याच्या हातात येते. तसंच पोतं आपण घरी उघडायला घेतो, तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो. मग दोरा अडकतो, नखं दुखतात आणि शेवटी कात्री शोधावी लागते. दोरा आणि शिवण दोन्हीकडे सारखीच असते. ती कुठून सोडायची हे दुकानदाराला ठाऊक असतं, एवढाच फरक.

ही गोष्ट मला मनापासून कळली ती राजमाची किल्ल्याच्या वाटेवर, जुलैच्या पावसात. उधेवाडी गावाच्या अलीकडे मित्राच्या सॅकचा खांद्याचा पट्टा शिवणीतून उसवला. आमच्या दोघांच्याही मनगटावर पॅराकॉर्ड नावाच्या मजबूत दोरीची विणलेली ब्रेसलेट होती. ‘अडचणीत उपयोगी पडेल’ म्हणूनच आम्ही ती घेतली होती. अडचण आली, आम्ही आडोशाला बसलो आणि गाठी सोडायला लागलो. ओल्या, गारठलेल्या बोटांना एकेक गाठ निघता निघेना. पंधरा-वीस मिनिटांनी निम्मं ब्रेसलेट सुटलं होतं. मग चाकू काढून उरलेलं कापलं आणि हातात आलेल्या आखूड तुकड्यांनी कसाबसा पट्टा बांधला. त्या दिवसापासून मी स्वतःसाठी आणि मित्रमंडळींसाठी एकाच प्रकारचं ब्रेसलेट विणतो. ते ओढताच मोकळं होतं.

आपल्याकडे गाठीला दोन नेमके शब्द आहेत. सहजी सुटत नाही ती निरगाठ आणि टोक ओढताच सुटते ती सुरगाठ. बाजारात मिळणारी बहुतेक ब्रेसलेट ‘कोब्रा’ नावाच्या विणीची असतात. मधल्या दोन पदरांभोवती डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने गाठी मारत ही वीण जाते. ती दिसायला देखणी, टिकायला मजबूत आणि वर्षभर हातात घालून हिंडायला उत्तम. पण ती निरगाठींची माळ आहे. रोजच्या उपयोगासाठी दोरी जवळ बाळगायची असेल, तर मनगटावर सुरगाठींची माळ हवी. ती कशी करायची हे पुढे सविस्तर सांगतो.

दोरी निवडताना

पॅराकॉर्ड म्हणजे मुळात पॅराशूटची दोरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी जमिनीवर उतरल्यावर तीच दोरी सामान बांधण्यापासून नाना कामांना वापरली आणि ती पॅराशूटबाहेरच्या जगात आली. आज सर्वांत जास्त वापरात आहे तो ‘५५०’ हा प्रकार. दोरी नवी आणि सरळ असताना निदान ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो ताण सोसते, असा त्या आकड्याचा अर्थ. जाडी साधारण ४ मिलिमीटर. बाहेर विणलेलं नायलॉनचं आवरण आणि आत ७ ते ९ बारीक दोरे, अशी तिची रचना असते.

विकत घेताना दोन गोष्टी पाहा. टोकाचं आवरण मागे सारून आतले दोरे मोजा. सात किंवा त्याहून जास्त दोरे निघाले आणि प्रत्येक दोरा पीळ दिलेल्या दोन-तीन बारीक धाग्यांचा असला, तर दोरी कामाची आहे. आत नुसता कापसासारखा भुसा किंवा दोन-तीन सुटे धागे निघाले, तर ती शोभेची. दुसरी गोष्ट म्हणजे दोरी दोन बोटांत चिमटून पाहा. ती गोल राहायला हवी, पण काडीसारखी कडक नको. फार कडक दोरीच्या विणीत फट राहते आणि फार मऊ दोरी एकमेकीला चिकटून बसते, त्यामुळे ओढताना अडते.

रंग भडक घ्या. नारिंगी किंवा पिवळी दोरी गवतात पडली तरी सापडते, आणि अंधारात तंबूला ताणून बांधली तर टॉर्चच्या उजेडात दिसते, पाय अडकत नाही.

लागणारं साहित्य

दोरी ३ मीटर, धारदार कात्री, लायटर किंवा मेणबत्ती आणि एक प्लास्टिकचं बकल. शाळेच्या दप्तराला असतं तसं, दोन्ही बाजूंनी दाबलं की उघडणारं बकल घ्यायचं. १५ ते २० मिलिमीटर रुंदीचं पुरतं. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे ते सहज मिळतं.

आधी दोरीची दोन्ही टोकं बंद करून घ्या. टोक ज्योतीच्या आत न घालता तिच्या कडेला धरा. नायलॉन वितळायला लागलं की बाजूला घ्या आणि दोन-तीन सेकंद थांबून कात्रीच्या सपाट पात्याने दाबा. हे बोटांनी कधीही करू नका. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि खोल भाजतं. काम खिडकीशी करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

आधी साखळीचा सराव

मूळ ब्रेसलेटला हात घालण्याआधी एक मीटरभर दोरीवर साधी साखळी करून पाहा. घरात कुणी क्रोशाचं विणकाम करत असेल, तर त्यांना हे एका मिनिटात समजेल. क्रोशाच्या सुईऐवजी इथे बोटं, एवढाच फरक.

दोन शब्द पक्के करून घेऊ. दोरीचं टोक न धरता मधलाच भाग चिमटीत घेऊन केलेली घडी म्हणजे ‘दुमड’. ती ज्या भोकातून घालायची ते भोक म्हणजे ‘फास’. सगळी युक्ती एका नियमात आहे: विणताना फासातून नेहमी दुमड घालायची, टोक कधीच ओवायचं नाही. टोक ओवलं की गाठ पक्की होते. दुमड घातली की ती ओढून परत बाहेर काढता येते.

दोरीच्या एका टोकापासून वीतभर अंतरावर एक छोटा वळसा करा. लांब बाजूच्या दोरीची दुमड त्या वळशातून वर काढा आणि हलकेच आवळा. ही झाली सुरगाठ, आणि वर राहिला तो पहिला फास. आता लांब दोरीची पुढची दुमड या फासातून काढा, ओढून नीट बसवा. तिच्यातून पुढची दुमड, त्या दुमडीतून त्यापुढची. वीतभर साखळी झाली की थांबा आणि लांब टोक ओढा. सगळी साखळी पोत्याच्या शिवणीसारखी सरसरत सुटेल.

आता पुन्हा साखळी करा आणि या वेळी सुरुवातीचं टोक ओढा. काहीच सुटणार नाही, उलट साखळी आवळेल. विणीचा शेवट जिथे होतो तिथूनच ती सुटते. म्हणून ब्रेसलेटमध्ये शेवटचा फास बंद करणं हे कुलूप, आणि तो कुठे आहे हे लक्षात ठेवणं ही किल्ली.

ब्रेसलेटची वीण

साध्या साखळीत दोरी कमी मावते आणि ती मनगटावर गोल फिरत राहते. म्हणून आपण दोन पदरांची साखळी करणार आहोत. पँटच्या झिपसारखी दिसते म्हणून तिला झिपर वीण म्हणतात. ती चपटी बसते, टोचत नाही आणि तिच्यात बरीच जास्त दोरी सामावते.

१. दोरीचा मध्य काढा. मध्याचा फास बकलच्या एका अर्ध्या भागाच्या खाचेतून पलीकडे काढा, त्या फासातून दोन्ही टोकं ओवून घ्या आणि ओढा. बकलला दोरी घट्ट बसेल. आता तुमच्यासमोर डावा पदर आणि उजवा पदर आहे.

२. बकलच्या अगदी जवळ डाव्या पदराची सुरगाठ करा, वर साखळीला केली तशीच. इथे एक परीक्षा घ्या. डावं टोक ओढलं की फास लहान व्हायला हवा, आणि पूर्ण ओढलं की गाठ नाहीशी व्हायला हवी. तसं होत नसेल, तर दुमड उलट्या बाजूची घेतली आहे. सोडून पुन्हा करा.

३. उजव्या पदराची दुमड करून ती डाव्या फासातून घाला. आता डावं टोक ओढून डावा फास तिच्यावर आवळा. उजव्या दुमडीचा नवा फास वर उरेल.

४. डाव्या पदराची दुमड या उजव्या फासातून घाला आणि उजवं टोक ओढून तो आवळा.

५. हेच आलटून पालटून. उजवी दुमड डाव्या फासात, डावं टोक ओढा. डावी दुमड उजव्या फासात, उजवं टोक ओढा. हाताला लय सापडली की फार विचार करावा लागत नाही.

पाच-सहा सेंटिमीटर वीण झाली की थांबा आणि सगळी सोडून पाहा. वेळ वाया गेल्यासारखं वाटेल, पण ही पायरी गाळू नका. मधे एखादी दुमड चुकीच्या फासात गेली असेल, किंवा फासातून निसटून ताण दुसरीकडे गेला असेल, तर ते इथेच कळतं. पूर्ण ब्रेसलेट झाल्यावर कळलं, तर मधोमध एक निरगाठ घेऊन तुम्ही हिंडत असाल.

प्रत्येक दुमड सारख्याच जोराने आवळा. फार आवळली तर ओली झाल्यावर अडते, फार सैल ठेवली तर झुडपांत आणि बॅगेच्या चेनमध्ये अडकते. विणीत नखाचं टोक जाईल पण बोट जाणार नाही, हा माझा अंदाज.

लांबीचं एक सांगतो. कोब्रा विणीला मनगटाच्या दर इंचाला साधारण एक फूट दोरी, असा ढोबळ हिशेब विणणारे सांगतात. झिपर विणीत मात्र हाताच्या ताणावर बरंच काही अवलंबून असतं. म्हणून पहिलं ब्रेसलेट ३ मीटरवर करा आणि किती उरली ते मोजून वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुमच्या हाताचं माप तुमच्यापाशी तयार असेल.

शेवटचं कुलूप

मनगटाचा घेर मोजून त्यात दीड-दोन सेंटिमीटर मिळवा. बकल धरून एकूण लांबी तेवढी झाली की विणणं थांबवा. ब्रेसलेट घातल्यावर आत एक बोट आरामात जायला हवं.

समजा शेवटचा फास डाव्या पदराचा आहे. आता विणीत पहिल्यांदाच दुमडीऐवजी टोक वापरायचं. उजवं टोक बकलच्या दुसऱ्या भागाच्या खाचेतून ओवून परत फिरवा आणि शेवटच्या डाव्या फासातून पूर्ण बाहेर काढा. डावं टोक ओढून फास त्यावर आवळा. मग डाव्या आणि उजव्या शेपट्यांची, आपण बुटाची नाडी बांधतो तशी पण एकाच कानाची, सुरगाठ मारा आणि शेपट्या विणीच्या आतल्या बाजूला दडवा. शेपट्या बोटभर ठेवा. त्याहून आखूड ठेवल्या तर घाईच्या वेळी धरायला काही सापडत नाही. जास्तीची दोरी कापून टोकं पुन्हा बंद करा.

सोडताना उलटा क्रम. सुरगाठीचं टोक ओढा, उजवं टोक फासातून आणि बकलमधून बाहेर काढा. मग दोन टोकं दोन हातांत धरून बाजूला ताणा. वीण झिपसारखी उघडत जाईल आणि मध्यापर्यंत अखंड दोरी मोकळी होईल. घरी बसून पाच-सात वेळा हे करा. मग डोळे मिटून करा. मग हात पाण्यात बुडवून, ओल्या बोटांनी करा. राजमाचीच्या पावसात आम्हाला नेमका हा सराव नव्हता.

तीन मीटर दोरीत काय काय होतं

पावसाळी ट्रेकमध्ये सर्वांत जास्त वेळा दगा देतो तो बुटाचा तळवा. बरेच दिवस कपाटात पडलेल्या बुटांच्या तळव्याचं पॉलियुरेथेन दमट हवेत आतून कमकुवत होतं आणि ऐन चालताना तळवा पुढून उघडतो. अशा वेळी दोरी बोटांच्या मागच्या फुगवट्याखालून घ्या, पावलावर फुली करा, टाचेच्या वरून मागे नेऊन पुढे बांधा. दोरी शक्यतो तळव्याच्या खाचांमधून जाऊ द्या, म्हणजे कातळावर घासणार नाही. दर अर्ध्या तासाने तपासत राहा.

बुटाची नाडी तुटली, तर गरजेएवढा तुकडा कापून आतले दोरे ओढून काढा. उरलेलं चपटं आवरण नाडीसारखं छिद्रांतून जातं आणि काढलेले बारीक दोरे सुईत ओवून सॅक किंवा तंबू शिवायला कामी येतात.

गडावरच्या टाक्यात उन्हाळ्यात पाणी खाली जातं. काठावरून वाकून बाटली भरण्याचा मोह धोक्याचा आहे, शेवाळलेल्या पायरीवर पाय सहज निसटतो. मागे सरकून बसा, बाटलीच्या गळ्याला दोरी बांधून ती सोडा आणि वर ओढा.

प्रवासात कपडे वाळत घालायचे असतील, तर दोरी दुहेरी करून तिला पीळ द्या आणि मग दोन्हीकडे ताणून बांधा. पिळाच्या फटींत कपड्याचं टोक अडकवलं की चिमट्यांची गरज पडत नाही. नायलॉन ताणतं, ओल्या कपड्यांनी जास्तच ताणतं, म्हणून सुरुवातीला चांगली घट्ट बांधा.

दुचाकीचा मडगार्ड लोंबला, पिशवीचा बंद तुटला, डिकीचं झाकण लागेना, छत्रीची काडी निसटली, अशा रोजच्या कामांना तर ही दोरी हक्काची. मात्र चाकाजवळ किंवा साखळीजवळ बांधताना एकही टोक लोंबतं ठेवू नका.

काय करू नये

हा भाग मी कळकळीने लिहितो आहे, कारण ‘५५० पौंड’ हा आकडा ऐकून माणसं नको ते धाडस करतात.

या दोरीवर माणसाचा भार कधीही टाकू नका. ती चढाईची दोरी नाही. कडा उतरणं, ओढा ओलांडताना तिला लटकणं, कुणाला वर ओढून घेणं, यातलं काहीही हिच्या भरवशावर करायचं नाही. २५० किलोचा आकडा नव्या, कोरड्या, बिनगाठीच्या दोरीचा, सावकाश दिलेल्या ताणाखालचा आहे. गाठ मारली की ताकद निम्म्यापर्यंत घसरू शकते. ओलं नायलॉन आणखी थोडं कमजोर होतं. घासलेली, उन्हात वाळलेली दोरी त्याहून कमजोर. आणि झटका बसला तर त्या क्षणी पडणारा ताण वजनाच्या कितीतरी पट असतो. मी स्वतः दहावा हिस्सा, म्हणजे २५ किलोपर्यंतचंच काम या दोरीला सांगतो.

नायलॉनवर नायलॉन घासू देऊ नका. एक दोरी स्थिर आणि दुसरी तिच्यावरून सरकती राहिली, तर घर्षणाच्या उष्णतेने स्थिर दोरी करवतीने कापल्यासारखी वितळून तुटते.

रक्तस्राव थांबवायला ही दोरी हाता-पायाभोवती आवळू नका. बारीक दोरी मांसात रुतते, नसा आणि स्नायू दुखावते आणि रक्त थांबेलच असं नाही. जखमेवर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून हाताने सतत दाब द्या आणि मदत मिळवा. हाड मोडल्याची शंका असेल तर काठीचा आधार रुंद कापडी पट्ट्यांनी बांधा. दोरीचं काम तिथे फार तर त्या पट्ट्या जागेवर ठेवण्यापुरतं.

फिरणाऱ्या यंत्रापाशी जाताना ब्रेसलेट काढून ठेवा. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, उसाचा चरक, मळणीयंत्र यांच्याजवळ मनगटावर काहीही नको. लहान मुलांना हे खेळायला देऊ नका. मोकळी झालेली दोरी त्यांच्या गळ्यात अडकू शकते.

निगा

समुद्रावरून किंवा चिखलातून आल्यावर ब्रेसलेट सोडून साध्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. मिठाचे आणि वाळूचे कण विणीत राहिले, तर दोरी आतून झिजवतात. नायलॉन कडक उन्हात महिनोन्महिने राहिलं तर ठिसूळ होतं, म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून ठेवू नका. आवरण फाटून आतले पांढरे दोरे दिसू लागले, टोकापासून दूर कुठे दोरी वितळल्यासारखी कडक झाली, किंवा रंग पार उडाला, की ती दोरी कामातून बाद करा.

महिन्यातून एकदा, काही कारण नसताना, ब्रेसलेट पूर्ण सोडा आणि पुन्हा विणा. एकाच जागी बरेच दिवस बसलेल्या दुमडी तिथे आकार धरतात आणि ऐनवेळी अडतात, तसं होत नाही. शिवाय दोरी तपासून होते आणि बोटं वीण विसरत नाहीत. सराव झाला की हे काम पंधरा मिनिटांचं आहे, संध्याकाळच्या चहाबरोबर उरकणारं.

विणण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं, हे गोफात दिसतं. गोव्यात शिगम्याच्या सणात आणि आपल्याकडे कितीतरी गावांत गोफ विणतात. नाचणारे रंगीत पट्ट्या हातात घेऊन फेर धरतात आणि वर वेणी तयार होते. पण खेळ तिथे संपत नाही. मग तीच पावलं उलटी टाकायची आणि विणलेला गोफ सोडवायचा. पाहणाऱ्यांचे श्वास रोखले जातात ते या दुसऱ्या फेरात, कारण एकाचं जरी पाऊल चुकलं तरी गोफात गुंता होतो.

तुमचं पहिलं ब्रेसलेट झालं की लगेच मनगटावर चढवू नका. टेबलावर ठेवा, घड्याळ लावा आणि सोडा. माझं पहिलं सोडायला दीड मिनिट लागलं होतं. आता वीस सेकंदांत दोरी हातात येते. तुमची वेळ वहीत लिहा, पुन्हा विणा आणि मग घाला. पुढे कधी पावसात कुणाचा पट्टा तुटला, तर तुमचा हात आपसूक योग्य टोकाकडे जाईल.